नळी शंभर टक्के उघडली, मग पंपिंग तीसच का?

प्रश्न सांगोला तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. वडील ६१ वर्षांचे, बारा वर्षांपासून मधुमेह, डाळिंबाची बाग अजून स्वतः बघणारे. पहाटे तीनला छातीत भरून आलं, घाम फुटला. पित्त असेल म्हणून सोडा घेतला, बाम चोळला, उजाडायची वाट पाहिली. सहाला तालुक्याच्या दवाखान्यात इसीजी काढला तर मोठा झटका. तिथून गाडी करून साडेआठला सोलापूर आणि पावणेदहाला अँजिओप्लास्टी. डॉक्टरांनी सांगितलं, ‘एलएडी (हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी नळी) शंभर टक्के बंद होती, स्टेंट टाकून पूर्ण मोकळी केली, प्रोसिजर यशस्वी.’ पाचव्या दिवशी टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) केला, त्यात पंपिंग ३० टक्के निघालं. शिवाय उजव्या नळीत ८० टक्के ब्लॉक आहे, तो तसाच ठेवला आहे. मुलगा विचारतो: नळी उघडली तर हृदय इतकं कमजोर कसं? काही चूक झाली का? तालुक्यालाच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं असतं तर? अशा झटक्यातून किती जण वाचतात? आणि दुसरा ब्लॉक तेव्हाच का काढला नाही?

वीसेक वर्षं कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओप्लास्टी होते त्या खोलीत) रात्री-अपरात्री ‘प्रायमरी’ करतो आहे (तातडीच्या अँजिओप्लास्टीला आम्ही आपसात एवढंच म्हणतो) आणि हा प्रश्न मला आयसीयूच्या दाराशी जवळजवळ दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. बहुतेक वेळा उत्तर द्यायला पाच मिनिटंही मिळत नाहीत. म्हणून इथे सविस्तर लिहितो. तुमच्या वडिलांचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा त्यांच्यापुरता शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच.

आधी त्या तीस आकड्याचा गैरसमज काढू. पंपिंग ३० टक्के म्हणजे हृदयाचे शंभरातले तीस भाग उरले, असा अर्थ घरोघर लावला जातो. हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरतो, त्यातलं एका ठोक्यात किती बाहेर फेकलं जातं, त्याचा तो आकडा आहे. धडधाकट माणसाचं हृदयही सगळं रक्त फेकत नाही. ५५ ते ६५ टक्के फेकतं. म्हणजे वडिलांचं हृदय आज साधारण निम्म्या ताकदीने चाललंय. हे कमीच आहे, काळजी करण्याइतकं कमी आहे, पण तुम्ही जे समजून घाबरला आहात तितकं नाही.

आता मूळ मुद्दा. ‘प्रोसिजर यशस्वी’ हे नळीचं माप आहे. पंपिंग हे स्नायूचं माप आहे. आम्ही उघडतो ती नळी. पण माणूस जगतो आणि पुढे चालतो-फिरतो तो स्नायूच्या जिवावर. नळी बंद पडल्या क्षणापासून त्या नळीवर पोसलेला स्नायू मरायला लागतो, आणि तो सगळा एकदम मरत नाही. आतल्या थरापासून सुरुवात होते आणि मरण हळूहळू बाहेरच्या थराकडे सरकत जातं. १९७७ साली रायमर आणि जेनिंग्ज यांच्या गटाने अमेरिकेत कुत्र्यांवर हे मोजून दाखवलं. नळी ४० मिनिटं बांधून सोडली तर धोक्यातल्या भिंतीच्या जाडीपैकी सुमारे ३८ टक्के भाग मेलेला होता, तीन तासांनी ५७, सहा तासांनी ७१. माणसाचं गणित याच्याशी तंतोतंत जुळत नाही. कुणाच्या शेजारच्या नळीतून आलेल्या बारीक फांद्या थोडं रक्त पुरवत राहतात, कुणाची गुठळी मधेच थोडी सुटते आणि पुन्हा बसते. पण रेघ तीच: पहिल्या तीन तासांत सगळ्यात जास्त जातं, आणि त्यानंतर वाचवण्यासारखं कमी-कमी उरतं.

तुमच्या वडिलांचा हिशेब मांडू. तीनला दुखायला लागलं, पावणेदहाला बंद नळीत फुगा फुगवून ती उघडली. एकूण ४०५ मिनिटं. त्यातली १८० घरी गेली, १५० तालुक्याचा दवाखाना आणि रस्ता यांत, आणि ७५ सोलापूरच्या हॉस्पिटलात. दारात आल्यापासून फुगा फुगेपर्यंत ९० मिनिटांच्या आत, हे जगभर मानलेलं माप आहे. त्या हॉस्पिटलने ७५ मिनिटांत काम उरकलं. म्हणजे कॅथलॅबच्या टीमकडून वेळेत चूक झालेली नाही, उलट चांगलं काम झालंय. पण स्नायूला हॉस्पिटलचं दार कळत नाही. त्याच्यासाठी घड्याळ पहाटे तीनलाच सुरू झालं होतं.

यावर अमेरिकेतला एक अनुभव फार बोलका आहे. तिथल्या हॉस्पिटलांनी दारापासून फुग्यापर्यंतचा वेळ कमी करायची मोहीमच हाती घेतली. पाचशेहून अधिक हॉस्पिटलं आणि सुमारे ९७ हजार पेशंटांची नोंद २०१३ साली छापून आली. चारेक वर्षांत तो वेळ ८३ मिनिटांवरून ६७ वर आला. सगळ्यांना वाटलं मृत्यू कमी होतील. हॉस्पिटलातलं मृत्यूचं प्रमाण ४.८ टक्के होतं, ते ४.७ झालं. जवळजवळ जागच्या जागी. याचा अर्थ घाई फुकट आहे असा मुळीच नाही. दुखणं सुरू झाल्यापासूनचा एकूण वेळ जिथे तासांत मोजायचा आहे, तिथे शेवटची पंधरा मिनिटं वाचवून फार हलत नाही, एवढाच अर्थ. नेदरलँड्समधल्या झ्वोले गावच्या डॉक्टरांनी २००४ मध्ये दाखवलं की एकूण उशिरातल्या प्रत्येक अर्ध्या तासामागे वर्षभरातल्या मृत्यूचा धोका साडेसात टक्क्यांनी वाढतो. म्हणजे शंभरातली साडेसात माणसं जादा जातात असं नव्हे. जो धोका आधी होता, तो तेवढ्या पटीने वाढतो. पण अर्धा तास, पुन्हा अर्धा तास, असं जोडत गेलात की तो बराच होतो.

टेबलवर काय घडतं तेही सांगतो, म्हणजे ‘नळी उघडली’ या शब्दांत काय येतं आणि काय येत नाही ते कळेल. मनगटाच्या नाडीतून बारीक नळी वर हृदयापर्यंत जाते. डाय (एक्स-रेमध्ये दिसणारं औषध) सोडला की पडद्यावर रक्तवाहिनी फांदीसारखी उमटते आणि गुठळीपाशी कुणी कोयत्याने छाटल्यासारखी थांबते. आमच्या हातातली वायर ०.०१४ इंचाची, मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून किंचित जाड. ती गुठळीतून बोटांच्या जाणिवेवर पलीकडे काढायची. बरेचदा एवढ्यानेच थोडा फ्लो येतो. मग फुगा, मग स्टेंट. याच क्षणी मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे पळायला लागतात, कधी विजेचा झटका द्यावा लागतो. बाहेर काचेतून कुणी बघत असेल तर त्याच्या काळजाचं पाणी होईल, पण आम्हाला त्यातून कळतं की रक्त पोचलं. दोन-तीन मिनिटांत पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, छातीवरचं ओझं उतरलं.’

आणि काही वेळा तसं होत नाही. स्टेंट सुबक बसलेला असतो, नळी साडेतीन मिलिमीटर रुंद झालेली असते, आणि डाय मात्र पुढे सरकतच नाही; ओढ्यात पाणी साचावं तसा तिथेच उभा राहतो. याला आम्ही ‘नो रिफ्लो’ म्हणतो. मोठी नळी मोकळी, पण तिच्या टोकाच्या केसाहून बारीक वाहिन्या गुठळीच्या चुऱ्याने, सुजेने आणि आकसून बंद झालेल्या. उशीर जितका जास्त तितका हा प्रकार जास्त. अ‍ॅडेनोसिन, नायट्रोप्रुसाइड अशी औषधं थेट नळीत सोडतो. कधी गुण येतो, कधी येत नाही. गुठळी आधी ओढून काढली तर हे टळेल अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती आणि मी स्वतः कित्येक वर्षं प्रत्येकाची गुठळी ओढत असे. २०१५ साली दहा हजारांहून अधिक पेशंटांवरच्या चाचणीत दिसलं की सरसकट ओढण्याने फायदा नाही, उलट लकव्याचं प्रमाण थोडं वाढतं. तेव्हापासून ठरावीक पेशंटांपुरतंच करतो.

म्हणून डिस्चार्जच्या वेळी दोन गोष्टी विचारा. एक, शेवटी फ्लो कितवा होता? तो शून्य ते तीन असा मोजतात. तीन म्हणजे पुरता. दोन, स्टेंटनंतर तासा-दीड तासाने काढलेल्या इसीजीत वर गेलेली रेघ निम्म्याहून जास्त खाली आली होती का? ती आली असेल तर रक्त स्नायूपर्यंत पोचलं, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. ‘शंभरचा शून्य केला’ या वाक्यापेक्षा ही दोन उत्तरं तुम्हाला पुढचं जास्त सांगतील.

आता किती वाचतात, हा प्रश्न. एकच आकडा सांगणं म्हणजे दिशाभूल होईल, कारण पेशंट कुठल्या अवस्थेत येतो यावर सगळं फिरतं. १९६७ साली किलिप आणि किंबल या अमेरिकन डॉक्टरांनी अडीचशे पेशंटांची चार गटांत विभागणी केली. तेव्हा ना अँजिओप्लास्टी होती, ना गुठळीचं इंजेक्शन सर्रास होतं. फुप्फुसं स्वच्छ असलेल्या गटात ६ टक्के गेले, फुप्फुसात थोडं पाणी असलेल्या गटात १७, फुप्फुसं पाण्याने भरलेल्यांत ३८ आणि बीपी कोसळलेल्या, हातपाय गार पडलेल्या गटात ८१. आज प्रत्येक गटात आकडे बरेच खाली आलेत. पण उतरंड तशीच आहे, आणि आजही मी कॅज्युअल्टीत पेशंटला हात लावतो तेव्हा आधी त्याचे तळवे गार आहेत का ते बघतो, मग इसीजी.

बीपी टिकून आहे अशा पेशंटांचं बोलायचं तर २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २३ चाचण्यांचा एकत्र हिशेब आला, ७,७३९ पेशंट. पहिल्या चार-सहा आठवड्यांत तातडीच्या अँजिओप्लास्टीत शंभरातले ७ गेले, इंजेक्शनवाल्यांतले ९. पुन्हा झटका ३ विरुद्ध ७. लकवा १ विरुद्ध २. तेव्हापासून स्टेंट, गोळ्या, मनगटातून जाण्याची पद्धत, सगळं सुधारलंय. आपल्याकडचं चित्र बघायचं असेल तर २००८ साली छापलेली वीस हजारांहून अधिक भारतीय पेशंटांची नोंद आहे. मोठ्या झटक्यात ३० दिवसांत ८.६ टक्के मृत्यू. पण माझ्या डोक्यात त्यातला दुसरा आकडा राहिला: दुखायला लागल्यापासून हॉस्पिटलात पोचायला निम्म्या पेशंटांना ३६० मिनिटं किंवा त्याहून जास्त लागली. सहा तास. आणि तेव्हा अँजिओप्लास्टी मिळाली ती शंभरातल्या जेमतेम ८ जणांना. चाचण्यांतले आकडे वाचताना हेही लक्षात ठेवा की फार आजारी, फार म्हातारे, किडनी बिघडलेले पेशंट चाचण्यांत सहसा घेतले जात नाहीत.

बीपी कोसळलेला पेशंट, ज्याला आम्ही ‘शॉकमध्ये आहे’ म्हणतो, तो वेगळाच विषय आहे. तुमच्या वडिलांना बीपी वाढवायची औषधं लावावी लागली होती का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. लागली नसतील तर पुढचा परिच्छेद त्यांच्यासाठी नाही; पण वाचणाऱ्यांत कुणाचं तरी माणूस आत्ता त्या अवस्थेत असेल, म्हणून लिहितो.

शॉकमध्ये आजही जवळपास निम्मे पेशंट जातात. १९९९ साली शॉकच्याच ३०२ पेशंटांवर चाचणी झाली: नळी ताबडतोब उघडायची की आधी औषधांनी स्थिर करायचं? महिन्याने फरक इतका कमी होता की निष्कर्ष काढता येईना. सहा महिन्यांनी मात्र उघडलेल्यांत ५० टक्के गेले होते, न उघडलेल्यांत ६३. शंभरामागे तेरा माणसं घरी होती. तेव्हापासून शॉकच्या पेशंटला टेबलवर न्यायचं की नाही यावर वाद उरला नाही. त्यानंतर मात्र बऱ्याच उपायांनी निराशा केली. हृदयाला आधार म्हणून मांडीतून घालायचा बलून पंप आम्ही वर्षानुवर्षं लावला. २०१२ साली जर्मनीतल्या ६०० पेशंटांवर तपासलं तर लावून-न लावून मृत्यू सारखेच, ४० टक्क्यांच्या आसपास. २०२४ मध्ये डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधल्या चाचणीत हृदयात बसवायच्या छोट्या पंपाने सहा महिन्यांतले मृत्यू ५८ टक्क्यांवरून ४६ वर आणले. पण ते निवडक पेशंट होते, हृदय बंद पडून बेशुद्ध राहिलेले त्यात नव्हते, आणि रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणं हे त्रास पंपवाल्यांत जास्त झाले. पंपाची किंमतही आपल्याकडे बहुतेक घरांना झेपणारी नाही. तो लावला नाही म्हणून कुणी उपचारात कमी पडलं, असं मनात धरू नका.

याच ठिकाणी ‘आमचा सक्सेस रेट ९८ टक्के’ या पाट्यांबद्दल बोलायला हवं. ९८ टक्के नळ्या उघडल्या, हे खरं असू शकतं. महिन्याने किती माणसं हयात होती, हा वेगळा प्रश्न आहे. आणि तोही आकडा एकट्याने पुरत नाही, कारण जे हॉस्पिटल शॉकचे, व्हेंटिलेटरवरचे पेशंट परत पाठवतं, त्याचे आकडे आपोआप सुंदर दिसतात. न्यूयॉर्क राज्यात डॉक्टरांचे मृत्युदर नावानिशी जाहीर करायला सुरुवात झाली, तेव्हा तिथे शॉकच्या पेशंटला हात लावायला डॉक्टर कचरू लागले. पुढे शॉकचे पेशंट त्या मोजणीतून वगळावे लागले. माझ्या मते ज्याचा मृत्युदर थोडा जास्त आहे पण जो मध्यरात्री शॉकचा पेशंट नाकारत नाही, तो डॉक्टर तुमच्या गावाच्या जवळ असणं भाग्याचं.

तालुक्याला इंजेक्शन दिलं असतं तर? हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं सरळ उत्तर देतो. तुमच्या वडिलांचा पहिला इसीजी सहाच्या सुमारास झाला आणि फुगा पावणेदहाला फुगला. मधे पावणेचार तास. नियम असा आहे की इसीजी झाल्यापासून दोन तासांत नळी उघडता येणार नसेल, आणि दुखणं बारा तासांच्या आतलं असेल, तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तिथेच द्यावं आणि मग पेशंट हलवावा. टेनेक्टेप्लेज हे एका फटक्यात, वजनाप्रमाणे देता येतं. त्यासाठी कॅथलॅब लागत नाही, इसीजी वाचणारा माणूस आणि मॉनिटर लागतो. २०१३ सालच्या एका मोठ्या चाचणीत, दुखायला लागून तीन तासांच्या आत आलेल्या पण तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळू शकणाऱ्या पेशंटांना आधी इंजेक्शन देऊन पाठवलं आणि दुसऱ्या गटाला थेट अँजिओप्लास्टीला नेलं. मृत्यू, शॉक, हृदय कमजोर होणं आणि पुन्हा झटका, यांचं एकत्र प्रमाण १२.४ विरुद्ध १४.३ टक्के, म्हणजे इंजेक्शनवाले मागे पडले नाहीत. मेंदूतला रक्तस्राव मात्र इंजेक्शनवाल्यांत शंभरात एक. पंचाहत्तरीपुढच्यांना अर्धा डोस द्यायला लागल्यावर तो कमी झाला.

दोन अटी विसरू नका. इंजेक्शन म्हणजे सुटका नव्हे. त्याच चाचणीत ३६ टक्के पेशंटांची गुठळी नीट विरघळली नाही आणि त्यांना लगेच टेबलवर घ्यावं लागलं. बाकीच्यांचीही अँजिओग्राफी पहिल्या दिवसभरात करायचीच असते. म्हणून इंजेक्शन देऊन पेशंट तालुक्यालाच ठेवून घेणं हा अर्धाच उपचार. दुसरं, पूर्वी लकवा, नुकतंच मोठं ऑपरेशन, अंगातून रक्त जाणं, बीपी आटोक्याबाहेर असणं, यांपैकी काही असेल तर इंजेक्शन देता येत नाही. त्या सकाळी तुमच्या वडिलांचं बीपी किती होतं, मला माहीत नाही. शिवाय ते तीन तासांनी पोचले होते. गुठळी जुनी होत जाते तसं इंजेक्शन कमी चालतं. तरीही कागदावरच्या वेळा पाहून मला वाटतं की इंजेक्शनचा विचार तिथे व्हायला हवा होता. तो झाला नसेल तर दोष एकट्या त्या डॉक्टरचा मानू नका. सकाळी सहाला एकटा डॉक्टर, इसीजीबद्दल विचारायला वर कुणी नाही, मेंदूत रक्तस्राव झाला तर नातेवाईक काय करतील ही धास्ती. अशा वेळी ‘सोलापूरला न्या’ म्हणणं सोपं असतं. तमिळनाडूत यावर उपाय करून दाखवला. छोट्या हॉस्पिटलांत इसीजी आणि इंजेक्शन, मोठ्या केंद्राशी थेट संपर्क, आणि ठरलेली अ‍ॅम्ब्युलन्स. २,४२० पेशंटांच्या नोंदीत वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. नवा स्टेंट नाही, नवं औषध नाही, फक्त साखळी जोडली. गोव्यात गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) मध्यभागी ठेवून अशीच साखळी उभी राहिली. आपल्या सोलापूर, धाराशिव, बीडच्या तालुक्यातालुक्यांत ती तितकीच घट्ट व्हावी, असं मला फार मनापासून वाटतं.

आणि एक उशीर असा आहे जो कुठल्याच चाचणीत नीट येत नाही. काही वर्षांपूर्वी एक चाळिशीतला गृहस्थ रात्री दीडला आला. दुखायला लागून फक्त पन्नास मिनिटं झाली होती, असा पेशंट आम्हाला क्वचित मिळतो. टीम आली, कॅथलॅब तयार झाली. सहीसाठी फॉर्म पुढे केला तर बायको म्हणाली, थोरले दीर पुण्याहून निघालेत, त्यांना विचारल्याशिवाय मी कशी सही करू? पैशांचं काय, हेही तिच्या तोंडावर दिसत होतं. दीर फोनवर म्हणाले, ‘मी आल्याशिवाय काही करू नका.’ मी त्यांना फोनवर समजावलं, तिला पडद्यासमोर उभं करून इसीजी दाखवला. सही झाली तेव्हा सव्वातीन वाजले होते. माणूस वाचला, आज भेटायला येतो, पण चार जिने चढताना दोनदा थांबतो. त्या बाईंना मी कधीच दोष दिला नाही. मध्यरात्री, एकटीने, लाखांचा आणि जिवाचा निर्णय घ्यायचा, ही अपेक्षाच अवघड आहे. पैशांपुरतं सांगतो: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ही प्रोसिजर बसते, कागद मागाहून देता येतात का हे कॅज्युअल्टीतच विचारा, आणि २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे पूर्वीसारखे स्टेंटमागे लाखभर रुपये लागत नाहीत.

दुसऱ्या ब्लॉकचं उत्तर थोडक्यात. झटका ज्या नळीने आला ती आधी उघडायची, बाकीच्या नंतर. शॉकच्या पेशंटमध्ये एकाच वेळी सगळ्या नळ्या उघडल्या तर जास्त जण दगावतात, हे २०१७ साली दिसलं. शॉक नसलेल्यांत, उरलेले मोठे ब्लॉक काही दिवसांत किंवा आठवड्यांत ठरवून काढले तर पुढचे झटके कमी होतात, हे २०१९ च्या चार हजार पेशंटांच्या चाचणीत दिसलं. तिथे ही दुसरी फेरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत होती. म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी ठेवलं ते बरोबर केलं, आणि आता तारीख विचारायची वेळ आली आहे. मधुमेह आहे, डाय दोनदा जाणार, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधी तपासून घ्या.

पुढे काय? डाळिंबाची बाग बघणाऱ्या माणसाला हे समजावणं मला सोपं जातं. पाणी तुटल्यावर काही झाडं वाळतात. काहींची पानं माना टाकतात, पण खोडात ओल असते आणि पाणी आलं की पंधरा दिवसांत ती उभी राहतात. हृदयाच्या स्नायूतही तसाच एक भाग असतो: जिवंत, पण सुन्न पडलेला. पाचव्या दिवशीच्या एकोत मेलेला आणि सुन्न, दोन्ही भाग सारखेच न हलणारे दिसतात. म्हणून ३० हा आकडा आज अंतिम नाही. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचा. कित्येकांचा चाळिशीपार गेलेला मी पाहिला आहे. काहींचा गेलेला नाही. तीन महिने औषधं पूर्ण घेऊनही तो ३५ किंवा खाली राहिला, तर अचानक ठोका बिघडून मृत्यू येण्याच्या धोक्यापासून वाचवणारं छोटं यंत्र छातीत बसवायचं का, याची चर्चा तेव्हा होईल. आत्ताच कुणी घाई करत असेल तर कारण विचारा.

या काळात काम करतात त्या गोळ्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या वर्षभर. त्यांतली एकही स्वतःहून बंद करायची नाही. दात काढायचाय म्हणून कुणीतरी ‘चार दिवस बंद ठेवा’ म्हणतं आणि नवा स्टेंट गुठळीने बंद पडतो, असं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. हृदयावरचा ताण कमी करणाऱ्या गोळ्यांनी बीपी १०० च्या आसपास राहील. घरी मोजून ‘बीपी लो झालं’ म्हणून त्या बंद करू नका, चक्कर येत असेल तर कळवा. रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली, किंवा रात्री आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागलं, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. तंबाखू असेल तर ती सुटलीच पाहिजे, मिश्रीसुद्धा. पुन्हा छातीत भरून आलं तर सोडा नाही, बाम नाही. १०८ ला फोन आणि अ‍ॅस्पिरिन चालू असली तरी ३०० मिलिग्रॅम चावून, अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर. जिभेखालची सॉर्बिट्रेट बीपी न बघता देऊ नका. तिने बंद नळी उघडत नाही आणि बीपी मात्र कोसळू शकतं.

बागेत जायला आठवड्याभरात हरकत नाही, पण चालत फेरी मारायला. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायला दुसऱ्या एकोपर्यंत थांबा. आणि त्या एकोला जाल तेव्हा आजचा रिपोर्ट सोबत न्या, जमलं तर त्याच डॉक्टरांकडून करून घ्या. डोळ्याच्या अंदाजात पाचेक टक्क्यांचा फरक माणसामाणसांत पडतोच. ३० चे ३३ झाले तर फार आनंदून जाऊ नका, २८ झाले तर घाबरू नका. ४० झाले तर मला जरूर कळवा.